‘सोड’ म्हटल्याशिवाय

“तुमी म्हणा की मास्तर. एकच शब्द हाय. जीभ झिजती का काय तुमची?”

“मी का म्हणू? मी त्या दिवशी म्हटला होता.”

“म्हटला व्हता, तर मंग परत म्हणायला काय जातंय?”

“जनाबाई, तुम्ही यात पडू नका.”

“मी पडले न्हाय, मी हुबी हाय. पडला तो भिवा.”

सीना नदीच्या काठी, भिवा सांधेवाल्याच्या दहाव्याला हे भांडण चाललं होतं. बायकांनी दहाव्याला नदीवर येऊ नये म्हणणारे चारजण होतेच. मी भिवाच्या बायकोला, गोदीला, हाताला धरून घेऊन गेले. रेल्वेच्या फाटकाची बाई आहे मी. कुणाला कुठं अडवायचं ते मी ठरवते, मला कुणी अडवत नाही.

पिंड मांडून ऊन डोक्यावर आलं. कावळा बाभळीवर बसला होता आणि खाली उतरत नव्हता. भिवाच्या थोरल्या भावानं सांगून पाहिलं, “तुझ्या पोरीला अंतर द्यायचो न्हाय.” कावळा हलला नाही. “गोदीला भैनीसारकं बगीन.” नाही. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते कुणीतरी बोलून मोकळं केल्याशिवाय कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. भिवाचा जीव कशात अडकलाय, हेही तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते बोलायचं कुणी, यावर भांडण.

तो शब्द स्टेशनमास्तरचा होता, आणि मास्तर तो बोलायला तयार नव्हता. कारण चौकशीचा साहेब यायचा होता. मास्तरनं त्या दुपारी ‘सोड’ म्हटलं होतं असं ठरलं, तर भिवा आपल्याच बेपर्वाईनं मेला. गोदीची रेल्वेच्या चाळीतली खोली जाणार आणि त्याच्या नावाला बट्टा कायमचा. म्हटलं नव्हतं असं ठरलं, तर गुन्हा मास्तरचा, आणि गोदीला माझ्यासारखं एखादं फाटक मिळण्याची आशा. काठावर गार्ड होता, गँगमन होते, त्यांची माणसं होती. त्यांच्या देखत मास्तर ‘सोड’ म्हणाला असता आणि कावळा शिवला असता, तर सगळ्या लायनीला कळलं असतं की शब्द बाकी राहिला होता.

एका शब्दासाठी माणसं नदीवर का भांडतात, हे आमचं यार्ड पाहिल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून भांडण जरा तिथंच राहू द्या.

* * *

सांध्याच्या पात्यात खडी साचते. रोज कुणी वाकून काढली नाही, तर एक दिवस सांधा लागत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या चाळीत ते साचत गेले. तेव्हा हसून सोडून दिले. आता म्हातारपणी एकेक काढायला बसले तर हाताला रक्त लागतं.

मी शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं शिकले ती मालाच्या डब्यांवरची आणि किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवरची. त्यामुळं माझं लिहिणं रुळासारखं सरळ जाईल असं समजू नका. फाटे फुटतील.

सोलापूरच्या अलीकडं आमचं यार्ड. मोठी लाइन सरळ जायची, आणि तिच्यातून डाव्या हाताला गिरणीचा फाटा फुटायचा. कापूस आत जायचा, चादरी-धोतरं बाहेर यायची. फाटा फुटतो तिथं दोन पोलादी पाती. बाजूला दांडा. दांडा ओढला की पाती सरकतात, गाडीची वाट बदलते. एवढाच तो सांधा. पण पाती जागेवर धरून ठेवणारं आमच्या सांध्याचं वजन झिजलेलं होतं. दांडा सोडला की पाती गुपचूप मागं सरकायची.

भिवाच्या आधीचा सांधेवाला तंबाखू मळायला हात मोकळा करायचा. एकदा डबा सांध्यावर असतानाच त्यानं दांडा सोडला. डब्याची पुढची चाकं गिरणीला निघाली आणि मागची मद्रासला. डबा आडवा होऊन मधेच रुतला. ड्रायव्हर खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला,

“आता ह्यालाच इचारा, बाबा तुला जायाचं तरी कुटं हाय.”

त्या दिवसापासून रिवाज पडला. सांधेवाल्यानं दांडा ओढून ‘लागला’ म्हणून ओरडायचं. शेवटचं चाक सांध्यावरून सरलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं, की मास्तरनं फलाटावरून ‘सोड’ म्हणायचं. तोवर दांड्यावरचा हात काढायचा नाही. रेल्वे कंपनीच्या कायद्यात हे कुठं नव्हतं. वजन बदलायचं कंपनीच्या मनात नव्हतं, म्हणून वजनाच्या जागी माणूस लावला.

* * *

भिवा आला तेव्हा मिशी नुकती फुटत होती. माळशिरसकडचा, ऊसवाल्यांच्या घरचा सालगडी. बैलाचा कासरा धरलेला हात. दांडा धरायला त्याला शिकवावं लागलं नाही. सोडायला शिकवावं लागलं.

एकदा मालगाडी फाट्यावर जात होती. लांबलचक. भिवा दांडा धरून उभा. गाडी गेल्यावर मास्तरनं ‘सोड’ म्हटलं, तसा हा लंगडत आला आणि माझ्या फाटकाच्या ओट्यावर बसला. पाय भोपळ्यासारखा सुजलेला. विंचू चावून गेला होता, पहिलं इंजिन आत शिरत असतानाच.

मी चुना लावला. म्हटलं, “मुडद्या, पाय झटकायचा तरी.”

“पाय झटकला की हात हलतोय, आक्का.”

आमचे हे तेव्हा होते. ते म्हणाले, “ह्या पोराला कंपनी पेन्शन देणार बग.” मी म्हटलं, “विंचवाला देईल आधी. त्यानं निदान काम झाल्यावर लगेच सोडलं.”

* * *

आता हुसेनचाचाचा किस्सा. सिग्नलचे दिवे पुसणं, तेल घालणं, खांबावर चढणं-उतरणं हे चाचाचं काम. त्याची एक शेळी होती. चाचाची बायको गेल्यापासून तो त्या शेळीशीच बोलायचा. शेळी सगळ्या यार्डात मोकळी फिरायची आणि दिसेल ते खायची: दिवे पुसायचे बोळे, गार्डाच्या भाकरी, एकदा तर तारबाबूचा सदरा.

एका सकाळी मास्तरच्या टेबलावरची हिरवी झेंडी तिनं खाल्ली. लाल तेवढी ठेवली. पॅसेंजर उभी. मास्तर नुसता दारातून हात हलवून ड्रायव्हरला ‘जा जा’ करतोय, आणि ड्रायव्हर डोळे मिटून बसलाय. कायदा म्हणजे कायदा. झेंडी दिसल्याशिवाय हलायचं नाही. गाडीतले बाजारकरी ओरडायला लागले. टेंभुर्णीचा एक व्यापारी खाली उतरून मास्तरच्या अंगावर आला.

शेवटी ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

“मास्तर, शेळीलाच धरा की वर. हिरवं तिच्या पोटात हाय.”

आणि मास्तरनं खरंच इकडंतिकडं पाहिलं हो, शेळी कुठं आहे म्हणून. आम्ही लोळून हसलो. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. हा माणूस अंगावर कुणी आलं की काहीही करायला तयार होतो. तेव्हा हसण्यात ती निसटली.

* * *

माझ्या फाटकावर गिरणीच्या साहेबाची मोटार यायची. सिग्नल पडला, गाडी टप्प्यात आली, मी फाटक लावलं, की नेमकी हिची वेळ. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा. मी पान लावत बसायची.

एकदा साहेब स्वतः खाली उतरला. गोरा, पण मराठी बरं बोलायचा, शिव्या तर फारच चांगल्या द्यायचा. “उघड,” म्हणाला. “गाडी दिसत नाही अजून.”

मी म्हटलं, “तुमाला दिसायसाठी न्हाय लावलेलं. मला दिसतीया.”

“तू कोण आहेस ठाऊक आहे का?”

“व्हय. किल्ली माझ्याकडं हाय ती मी.”

गाडी गेली, फाटक उघडलं, साहेब तडक स्टेशनवर. मागोमाग मास्तर धावत माझ्याकडं. फलाट तसाच टाकून, झेंड्या बगलेत धरून, उन्हात पायांत वहाणाही नाहीत. “जनाबाई, माफी मागा. माझ्यासाठी मागा. मोठा माणूस आहे.”

“मास्तर, तुमी हितं आलाव, तर फलाटावर कोण हाय?”

तो त्याच वाटेनं परत धावला. माफी मी मागितली नाही. पण मास्तरनं माझ्या नावानं ती जाऊन मागितली, हे मला नंतर साहेबाच्या ड्रायव्हरनं सांगितलं. माझ्या तोंडचे शब्दसुद्धा त्यानं मला न विचारता वापरले. वर भिवाला म्हणाला होता म्हणे, “मोठ्या माणसाला वाट पाहायला लावू नये.” लहान माणसानं किती वेळ पाहावी, ते काही बोलला नाही.

* * *

भिवाचं लग्न अक्कलकोटाकडं झालं. गोदी तिकडची, घरात कानडी, बोलणं कमी, डोळे मोठे. आम्ही सगळी चाळ गेलो; मास्तरलाही नेलं, मानाचा पाहुणा म्हणून जरीचा फेटा बांधून बसवलं.

भटजींनी मुलीचा हात भिवाच्या हातात दिला. मंत्र झाले, पाणी सोडून झालं. भटजी म्हणाले, “आता सोडा हात.” भिवा सोडेना. भटजींना वाटलं ऐकू गेलं नाही; मोठ्यानं म्हणाले. भिवा घामाघूम, समोर बघतोय, हात तसाच. गोदीची बोटं पांढरी पडायला लागली. तिचा मामा उठून उभा राहिला. मांडवात कुजबूज सुरू झाली, नवरदेवाला फिटबिट येते का काय.

मी मास्तरला कोपरानं ढोसलं. तो फेटा सावरत उठला आणि मांडवाच्या त्या टोकाकडून फलाटावरच्या आवाजात म्हणाला, “सोड.”

हात सुटला.

मांडव हसून हसून कोसळायचा राहिला. गोदी मात्र हसली नाही. ती मान वर करून मास्तरकडं बघत होती. नवऱ्याचा हात कुणाच्या शब्दानं हलतो, ते तिनं तिथंच बघून ठेवलं.

* * *

ती काही गप्प बसणारी नव्हती, एवढंच की बोलून दाखवणारीही नव्हती. सहा महिन्यांत तिनं चाळीतल्या खोलीत आपला कायदा बसवला.

दिवेलागणीला भिवा घरी यायचा. आत शिरून दाराला कडी लावायचा आणि सवयीनं म्हणायचा, “लागली.” चुलीपुढून गोदी, मागं न बघता, “सोडा.” मग तो कडीवरचा हात काढायचा. भिंतीला भिंत लागून, आम्हाला रोज ऐकू यायचं. चाळीतली पोरं खेळायची ते. एक दार व्हायचा, एक भिवा, एक गोदी.

एकदा दोघांचं वाजलं. कशावरून ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही. भिवा संध्याकाळी आला. कडी लावली. “लागली.” आत चिडीचूप.

“लागली की.”

भाकरी थापल्याचा आवाज. बस्स.

मी भिंतीला कान लावला. आमचे हे म्हणाले, “लाज हाय का?” मी म्हटलं, “हाय, पण आत्ता कामात हाय.” भाकऱ्या झाल्या, कालवण झालं, पोरगी जेवून निजली, आणि हा दाराशी तसाच उभा. वाटलं असतं तर सोडता आली असती की. घरातली कडी ती. काही गाडी उलटणार नव्हती. पण नाही.

शेवटी गोदीला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं. मग म्हणाली, “सोडा. पुन्हा न्हाय असं करायची.”

दुसऱ्या दिवशी पाण्याला भेटली तेव्हा मी विचारलं, “का गं, लई हाल केलेस?”

म्हणाली, “आक्का, माझ्या शब्दानं बी थांबत्यात का बगायचं व्हतं.”

* * *

सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार. फलाटावर पॅसेंजर उभी होती आणि तिच्यात कंपनीचा कुणी मोठा अधिकारी. इंजिनानं कापसाचे डबे फाट्यात नेऊन ठेवले आणि एकटं बाहेर आलं. भिवा दांडा धरून उभा. ‘लागला’ त्यानं म्हटलेलं मी ऐकलं. आता ‘सोड’ यायचा.

फलाटाच्या टोकाला मास्तर नव्हता. तो थंड पाण्याचा तांब्या आणि हार घेऊन वरच्या दर्जाच्या डब्याकडं धावला होता.

फाट्याला उतार आहे, यार्डाकडं. ठेवलेल्या डब्यांच्या चाकाखालचा ठोकळा निसटला. डबे हळूहळू मागं यायला लागले, आवाज न करता, जनावर चरत यावं तसे. शेवटच्या डब्याच्या दाराची फळी उघडी राहून बाहेर लोंबत होती. सांध्यापाशी दोन लायनींच्या मधे जागा ती केवढी. दांडा तिथंच, भिवा तिथंच.

मी फाटकावरून बोंबलले, “भिवा, सर तितनं!” हुसेनचाचा सिग्नलच्या खांबावर चढलेला, तो वरून ओरडला, “छोड रे बेटा, छोड!”

भिवानं डब्यांकडं पाहिलं. मग फलाटाकडं पाहिलं. मग पुन्हा डब्यांकडं पाहिलंच नाही.

नुसती एक उडी होती हो. पण उडी मारायला दांडा सोडावा लागला असता.

सांधा नीट लागलेला असल्यामुळं डबे रुळावरून घसरले नाहीत. मोकळ्या लायनीवर जाऊन आपले आपण थांबले. आतला कापूस जागचा हलला नव्हता. भिवाची दांड्यावरची मूठ सोडवायला दोन माणसं लागली.

मास्तर पुढं म्हणाला, मी त्या डब्याच्या खिडकीपाशी असताना ‘सोड’ म्हटलं होतं. मी फाटकावर होते, चाचा खांबावर होता. आम्ही दोघांनी ऐकलं नाही. पण एक फाटकाची बाई आणि एक बत्तीवाला. आमच्या कानांना कंपनीत काय किंमत.

* * *

तर सीनेच्या काठी. मी मास्तरपुढं उभी होते आणि कावळा बाभळीवर होता.

“तुमी म्हणला व्हता ना? मंग समद्यांच्या देकत म्हणा.”

“ही अंधश्रद्धा आहे,” मास्तर म्हणाला.

“मंग भ्यायचं कशाला?”

गार्ड मान खाली घालून वाळूत काठीनं रेघा ओढत होता. भिवाचा भाऊ म्हणाला, “मास्तर, लगीन झालं तवा म्हणलाव की. तितं बरं तोंड उगाडलं.”

हुसेनचाचा लांब उभा होता, आपण जवळ यावं का नाही या विचारात. तो तिथूनच म्हणाला, “बोलो ना साब. क्या जाताय तुमारा? बच्चा कबसे खडाय उधर, धूप में.”

‘खडाय’ म्हणाला चाचा. ‘था’ म्हणाला नाही.

मास्तरचा चेहरा ओल्या भिंतीसारखा झाला. त्यानं पिंडाकडं पाहिलं, गार्डाकडं पाहिलं, मग बाभळीकडं. त्यालाही लेकरंबाळं होती. त्याचीही नोकरी होती. मला त्याची कीव येत होती असं कुणी समजू नये. मी त्याला जाऊ देणार नव्हते. त्याचे ओठ हलले. मी स्वतः पाहिले. अजून एक रेटा दिला असता तर शब्द पडला असता बाहेर, चारचौघांत, आणि गोदीची खोली राहिली असती, भिवाचं नाव राहिलं असतं.

“म्हणा,” मी म्हटलं. “हां. म्हणा.”

तेवढ्यात गोदी उठली. माझ्या आणि मास्तरच्या मधून, आम्ही रस्त्यातले दोन खांब असल्यासारखी, ती पुढं गेली. मी तिचा पदर धरला, म्हटलं, “थांब गं बाई, त्येला बोलू दे, तुज्याच भल्याचं हाय.” तिनं पदर सोडवून घेतला. पिंडापाशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडं पाठ करून. आणि चुलीपुढून म्हणायची तशा आवाजात, हळूच, म्हणाली,

“अवो, लागली कडी. सोडा आता.”